वृद्धांची काळजी : कर्तव्य कोणाचे, खर्च कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गाच्या संयोजकांनी मला एखाद्या आर्थिक प्रश्नावर बोलण्यास सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा अंदाजपत्रक, महागाई वा शेतमालाचे भाव असा काही विषय असावा. मी विषय निवडला आहे तो वृद्ध आईवडिलांच्या काळजीचा आणि त्या काळजीला लागणाऱ्या पैशाचा. हा विषय घरगुती आहे, त्याची चर्चा घरात किंवा फार तर कीर्तनात व्हावी, असे काहींना वाटेल. परंतु आपले चाळिशी-पन्नाशीतील कार्यकर्ते बैठकीला येऊ शकत नाहीत तेव्हा कोणते कारण कळवितात ते आठवून पाहा. 'घरची अडचण' या दोन शब्दांमागे पुष्कळदा अंथरुणाला खिळलेली आई असते, किंवा स्मृती गेलेले वडील असतात. ही अडचण प्रत्येक जण एकट्याने सोसतो, आणि एकट्याने सोसावयाची म्हणून तिची लाजही बाळगतो. लाखो घरांत एकाच काळी, एकाच स्वरूपात उद्भवणारी अडचण खासगी कशी राहील? तिची कारणे समाजाच्या घडणीत असतील तर तिचा उपायही समाजानेच शोधला पाहिजे. आज मला मांडावयाचे आहे ते एवढेच.

आजचे वृद्ध कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्या माणसांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती; महाराष्ट्रात ती १ कोटी १० लाखांच्या आसपास होती. त्यानंतर ती पुष्कळच वाढली आहे. शतकाच्या मध्याला देशातील दर पाच माणसांमागे एक माणूस साठीपलीकडचा असेल, असा लोकसंख्याशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. परंतु संख्येपेक्षाही ही माणसे कोण आहेत हे पाहणे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी वीस वर्षांची तरुणी आज सत्तरी ओलांडून गेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा तिशीत असलेला कामगारही सत्तरीपलीकडे आहे. या राज्यातील धरणे, पाझर तलाव आणि रस्ते ज्यांच्या हातांनी झाले, ज्यांच्या घामावर कापडधंदा आणि साखरधंदा उभा राहिला, ती ही पिढी. तिने आयुष्यभर जी संपत्ती निर्माण केली, तिच्यातील किती वाटा तिच्या उत्तरायुष्यासाठी बाजूला ठेवला गेला? शेतमजुराला भविष्यनिर्वाह निधी नव्हता, कारण त्याचा मालक रोज बदलत होता. बांधकामावरील बाईला उपदान नव्हते, कारण हजेरीपटावर पुष्कळदा तिचे नावच नव्हते. ज्यांना निवृत्तिवेतन आहे असे सांगितले जाते त्यांची स्थिती पाहा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले. ते वाढवून घेण्यासाठी कारखान्यांत, गिरण्यांत आणि सहकारी संस्थांत हयात घालविलेल्या माणसांना उतारवयात उपोषणाला बसावे लागले आहे.

गावाकडचे चित्र याहून कठीण आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची जोडपी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात ती हंगाम संपल्यावर परततात. त्या पाच-सहा महिन्यांत मागे राहतात ते म्हातारे आणि शाळकरी मुले. कोणी कोणाला सांभाळावयाचे, हा तेथे खराच प्रश्न असतो. कोकणात कधीकाळी मुंबईच्या मनिऑर्डरीवर आईवडिलांची चूल पेटत असे. आज पैसे भ्रमणध्वनीवरून क्षणात पोहोचतात. पण रात्री उठून पाणी देणारा हात त्या यंत्रातून पोहोचत नाही. काळजीला पैसा लागतो आणि माणूसही लागतो. या दोन गोष्टींपैकी एकीचाच विचार केला की आपले उत्तर अपुरे राहते.

एकत्र कुटुंबाचा गौरव आणि त्याची किंमत

आपल्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे : पूर्वी एकत्र कुटुंब होते, तेव्हा वृद्धांची आबाळ होत नव्हती, आता संस्कार राहिले नाहीत. सभेत हे वाक्य उच्चारले की टाळ्या पडतात. मात्र एकत्र कुटुंबात ही सेवा कोण करीत होते, हे त्या वाक्यात कोठेच येत नाही. ती सून करीत होती, किंवा माहेरी परत आलेली विधवा मुलगी करीत होती. तिच्या श्रमाला मजुरी नव्हती, सुट्टी नव्हती आणि नकाराचा अधिकारही नव्हता.

हे चित्र आजही फारसे पालटलेले नाही. २०२४ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार विनामोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. घरातील मुलांची, आजाऱ्यांची आणि वृद्धांची देखभाल करण्यातही हेच अंतर दिसते. तेव्हा 'कुटुंबाने सांभाळावे' या सूत्राचा व्यवहारातील अर्थ 'घरातल्या बाईने सांभाळावे' असाच होतो. ज्या आईवडिलांना मुलीच आहेत त्यांच्याबाबत तर समाजाची अडचण आणखी मोठी. विवाहित मुलगीही आईवडिलांच्या निर्वाहास बांधील आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. कर्तव्य तिच्याकडे आले हे योग्यच झाले. पण ज्या घरी ती राबते त्या घरात तिच्या कमाईवर तिचा अधिकार किती, हा प्रश्न न्यायालयाबाहेर तसाच उभा आहे.

आता थोडा हिशेब मांडू. अंथरुणावरच्या माणसाजवळ बारा तास थांबणाऱ्या बाईचा दर दिवसाला ८०० रुपये धरू. शहरात तो याहून जास्तही असतो. महिन्याचे २४,००० रुपये झाले. औषधे, लंगोट, अधूनमधून येणारे डॉक्टर यांचे ६,००० धरा. एकंदर ३०,००० झाले, आणि रात्रीचे बारा तास अजून शिल्लकच आहेत. ज्याचा मुलगा परदेशी नोकरी करतो त्याला हे परवडते. ज्या घरात पगार ३५,००० आहे त्या घराला परवडत नाही. मग अशा घरातील कोणीतरी आपली नोकरी सोडते, आणि ते कोण हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिचे गेलेले उत्पन्न, चुकलेली बढती, खंडित झालेली भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी यांची नोंद कोणत्याच हिशेबात होत नाही. उद्या ती स्वतः वृद्ध होईल तेव्हा हातात काही नसलेली आणखी एक म्हातारी आपल्या समाजात जमा होईल. आजची विनामोल सेवा उद्याचे दारिद्र्य निर्माण करते ती अशी.

शासनाचा हात किती पुढे येतो?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. पुढे तो २०० झाला. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी तो २०० रुपयांवरच थांबला, त्याला दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर तो ५०० होतो. मधल्या काळात डाळीचे, औषधांचे आणि रेल्वेच्या तिकिटाचे काय झाले हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. वय पासष्ट हवे. २०२३ मध्ये तिची रक्कम केंद्राच्या वाट्यासह दरमहा १,५०० रुपये झाली, मात्र तेव्हाही कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपयेच ठेवण्यात आली. महिन्याला १,७५० रुपये! एवढ्या उत्पन्नात कोणते कुटुंब जगते? तेव्हा पात्र ठरण्यासाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकाने एका असत्य कागदावर विश्वास ठेवल्याचे दाखवावयाचे, आणि म्हातारीने तो कागद मिळविण्यासाठी कोणाच्या तरी मागे फिरावयाचे, अशी ही रचना आहे. मर्यादा अशी असली की नियम कठोर राहतो आणि लाभ मर्जीचा होतो. पुढाऱ्याला ते सोयीचे असते.

याच राज्यात २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची मर्यादा २१ ते ६५ अशी ठरली. दोन्ही योजना शेजारी ठेवून पाहा. लाखभर रुपये वार्षिक उत्पन्नाच्या घरातील बाईला चौसष्टाव्या वर्षी १,५०० रुपये मिळणार. पासष्टी उलटली, गुडघे धरले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, की ती या योजनेतून बाहेर पडणार आणि २१,००० च्या अटीमुळे त्या योजनेत शिरू शकणार नाही. गरज वाढते त्याच दिवशी हात आखडला जातो. ही विसंगती आपण गावोगाव दाखवून दिली पाहिजे.

आरोग्याच्या बाबतीत ऑक्टोबर २०२४ मध्ये एक पाऊल पुढे पडले. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. त्याचे स्वागत करू. परंतु रुग्णालयातून घरी आणलेल्या माणसाचे काय? पक्षाघात झालेला माणूस इस्पितळात पंधरा दिवस असतो आणि घरी दहा वर्षे असतो. त्या दहा वर्षांतील स्नान, भरविणे, कूस बदलणे, रोजची गोळी यांपैकी काहीही या संरक्षणात बसत नाही.

कायद्याची मदत आणि कायद्याची मर्यादा

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण यासंबंधीचा २००७ चा कायदा कार्यकर्त्याला तपशिलाने माहीत असावयास हवा. ज्याला स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करता येत नाही अशा मातेला वा पित्याला प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो. वकिलाची गरज नाही. निकाल नव्वद दिवसांत लागावा अशी तरतूद आहे, आणि निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर वा शेत मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. मात्र अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असणे केव्हाही हिताचे. तोंडी विश्वासावर सही करू नका, हे प्रत्येक वृद्धाला सांगणे आपले काम आहे. २०१९ मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले. भत्त्याची कमाल मर्यादा काढून टाकावी, सून व जावई यांनाही जबाबदार धरावे, असे त्यात होते. ते संमत झाले नाही, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले.

या कायद्याचा उपयोग आहे, पण कोणाविरुद्ध? ज्याच्यापाशी आहे आणि जो देत नाही त्याच्याविरुद्ध. ज्या मुलापाशीच नाही त्याच्याविरुद्ध न्यायाधिकरण काय करणार? कंत्राटी कामगाराला दरमहा भत्ता देण्याचा आदेश दिला तर तो आदेश त्याच्या मुलांच्या शिक्षणातून वसूल होईल. आसामने २०१७ मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात करण्याचा कायदा केला, तेव्हा आपल्याकडेही त्याची वाहवा झाली. नियमित पगार असलेल्या थोड्या माणसांना तो लागू पडतो. ज्यांना पगारच नाही त्यांच्या आईवडिलांना त्यातून काय मिळणार? शिवाय याच २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासगृह स्थापण्याचे कलम आहे. तेथे शब्द मात्र 'स्थापू शकेल' असा सैल आहे. मुलाला सक्ती आणि शासनाला सवड, असा हा न्याय आहे.

दोन माता

आता ज्या व्यक्तीविषयी या चर्चेत फारसे बोलले जात नाही तिच्याकडे वळू. शहरातील वृद्धांजवळ बारा-बारा तास थांबणारी बाई बहुधा मराठवाड्यातून, विदर्भातून वा जवळच्या वस्तीतून आलेली असते. ती ब्युरोमार्फत येते. कुटुंब जे देते त्यातील हिस्सा ब्युरो कापून घेते. तिला आठवड्याची सुट्टी मिळेलच असे नाही, आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा राज्याने २००८ मध्ये केला. पण मंडळाच्या नोंदवहीतील नाव आणि हातातील हक्क यांत अंतर राहिले. आणि या बाईलाही गावाकडे आई असते. दुसऱ्याच्या आईला ती वेळेवर गोळी देते, तेव्हा तिच्या स्वतःच्या आईला गोळी देणारे कोणी नसते.

येथे आपल्यापुढे खरा पेच आहे. मध्यमवर्गीय कुटुंब म्हणते, याहून अधिक मजुरी आम्हांस परवडत नाही. आणि ते खोटे बोलत नाही. ती बाई म्हणते, एवढ्यात माझे भागत नाही. तीही खोटे बोलत नाही. या दोघांना समोरासमोर बसवून न्याय होणार नाही. एकाची दया वाढवून किंवा दुसऱ्याची गरज दाबून हा हिशेब जुळत नाही, कारण त्यात तिसरा भागीदार, म्हणजे समाज, आलेलाच नाही. त्याला त्यात आणणे हे राजकारणाचे काम आहे.

इतरांनी काय केले?

जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. कामगार आणि मालक दोघेही वर्गणी भरतात. घरीच सांभाळणाऱ्या नातलगाला रोख मदत घेण्याचा पर्याय असतो, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही विम्यातून भरली जाते. जपानने एप्रिल २००० मध्ये अशीच योजना आणली. चाळीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्गणी भरावयाची, निम्मा भार करांतून उचलावयाचा, आणि वृद्धाला पैशाऐवजी घरी येणारी मदत वा दिवसभराचे केंद्र अशा सेवा द्यावयाच्या. वृद्धांची सेवा हा ज्या समाजात सुनेचा धर्म मानला जात होता त्या समाजाने हे केले, हे लक्षात घ्या.

हे श्रीमंत देश आहेत असे कोणी म्हणेल. मग केरळकडे पाहू. १९९३ मध्ये कोझिकोडे येथे वेदनाशमन आणि शुश्रूषेचे काम सुरू झाले; त्याला वस्तीवस्तीतील स्वयंसेवक मिळाले; २००८ मध्ये राज्य शासनाने त्याचे धोरण केले, आणि पंचायतींच्या आधाराने प्रशिक्षित परिचारिका अंथरुणावरील रुग्णाच्या घरी जाऊ लागली. त्यासाठी मोठे इस्पितळ बांधावे लागले नाही. पंचायत, परिचारिका आणि शेजारी यांची सांगड घालावी लागली.

पैसा कोठून आणावयाचा?

साधे गणित करू. एक कोटी वृद्धांना दरमहा ३,००० रुपये द्यावयाचे तर वर्षाला ३६,००० कोटी रुपये लागतात. रक्कम मोठी आहे. मात्र २०२५-२६ च्या राज्य अंदाजपत्रकात लाडकी बहीण योजनेसाठी याच आकाराची तरतूद होती. ती योजना बंद करा असे मी म्हणत नाही. शासनाला मतांची निकड वाटली की एवढा पैसा उभा राहतो, इतकेच दाखवितो.

शिवाय महाराष्ट्रापाशी दोन जुने धडे आहेत. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये या राज्याने व्यवसायकर बसविला. शहरातील पगारदाराने गावातील मजुराच्या कामाच्या हक्कासाठी दरमहा काही रुपये द्यावेत हे तत्त्व राज्याने स्वीकारले आणि पगारदारांनी ते पाळले. दुसरा धडा १९६९ च्या माथाडी कायद्याचा. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून भविष्यनिर्वाह निधी अशक्य, असे सांगितले जात होते. मंडळ स्थापन झाले, मजुरीवर लेव्ही बसली, आणि अशक्य ते शक्य झाले. बाबा आढाव यांनी हमालांच्या संघटनेतून हे अनुभवले होते. म्हणूनच त्यांनी आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या व्यासपीठावरून, असंघटित कष्टकऱ्यांना किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन मिळावे अशी मागणी केली. ब्युरोंच्या व्यवहारावर लेव्ही बसवून परिचारिणींचे मंडळ का उभारता येऊ नये? व्यवसायकराच्या धर्तीवर, मात्र उत्पन्नाबरोबर वाढत जाणारा, शुश्रूषा निधी का उभारता येऊ नये?

शासनाने दिले तर मुले आईवडिलांना विचारणार नाहीत, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अनुभव उलट आहे. ज्या म्हातारीच्या बँक पुस्तकात दरमहा काही जमा होते तिचा शब्द घरात ऐकला जातो. नातवाला खाऊ देण्याइतके स्वातंत्र्य असलेले म्हातारपण आणि चहासाठी हात पसरणारे म्हातारपण यांत माया कोठे अधिक टिकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दारिद्र्याने नाती जेवढी तुटतात तेवढी सुबत्तेने तुटत नाहीत.

आपण काय करावयाचे?

शेवटी कामाचे बोलतो. आपल्या मागण्या चार असाव्यात. साठी ओलांडलेल्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या प्रत्येकास किमान वेतनाशी आणि महागाईशी जोडलेले निवृत्तिवेतन, आणि तोवर २१,००० रुपयांची अट तात्काळ रद्द. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत अंथरुणावरील रुग्णांना घरपोच परिचर्या. शुश्रूषा करणाऱ्या बायांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ. आणि आईवडिलांच्या आजारपणासाठी स्त्री-पुरुष दोघांनाही पगारी रजा.

परंतु मागणी करून घरी जाणे पुरेसे नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डात वा गावात फिरून, एकटे राहणारे वृद्ध किती, अंथरुणावर किती, श्रावणबाळचे अर्ज कोणाचे अडले आहेत, याची यादी करावी. तहसील कचेरीत त्यांच्यासोबत जावे, हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना रांगेत उभे राहावे लागू नये याची व्यवस्था करावी. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक घरोघर लिहून द्यावा. आठवड्यातून दोन तास एखाद्या घरी बसून तेथील सुनेला वा मुलीला बाहेर पडण्याची सवड द्यावी. हे दोन तास शक्यतो पुरुष कार्यकर्त्यांनी द्यावेत. स्त्रिया ते आजवर देतच आल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. चळवळीत पूर्णवेळ काम केलेल्या माणसांपाशी निवृत्तिवेतन नसते, पुष्कळांपाशी घरही नसते. सामाजिक कृतज्ञता निधीने कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय केली, हा आदर्श आपल्यापुढे आहे. आपल्या जिल्ह्यातील असे वृद्ध सहकारी कोण आहेत, त्यांची औषधे कोण आणतो, याची चौकशी या वर्गातून परत जाताना करा. जी संघटना स्वतःच्या म्हाताऱ्या माणसांचा हिशेब ठेवत नाही, तिने शासनाकडे हिशेब मागितला तर तो कोणी मनावर घेणार नाही. त्या यादीपासूनच कामाला आरंभ करावा, अशी माझी आपणां सर्वांस विनंती आहे.